परत आलेला नाताळचा कागद

ही हकीकत लिहायला मला फार वर्षं लागली. लिहिता येत नव्हतं असं नाही, टाळत होतो. भिवंडीतल्या आमच्या चाळीबद्दल मी पुष्कळ बोललो आहे. नातवंडांना लूमचा खटखटाट तोंडानं काढून दाखवला, शेजारच्या नाताळच्या गमती सांगितल्या. पण दरवेळी एका ठिकाणी आलो की गोष्ट दुसरीकडे वळवायचो. आता बायको नाही, आणि जिचं मी वाईट केलं तीही नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची गोष्ट. सहा खोल्यांची आमची चाळ होती, मागच्या बाजूला लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याचं छप्पर. मी त्याच कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात होतो. विणून आलेलं कापड तपासायचं आणि त्याच्या ताक्यांच्या घड्या घालायच्या, हे काम. घरात आई आणि मी. आम्ही मूळचे वडप्याकडचे शेतकरी. वडील लवकर गेले, तेव्हा आई मला लहानपणीच घेऊन कामासाठी ह्या चाळीत आली होती.

शेजारच्या खोलीत एक विधवा बाई राहायच्या. वसईकडच्या ख्रिस्ती. गावातल्या एका प्रसूतिगृहात त्या नर्स होत्या आणि निम्म्या भिवंडीची बाळंतपणं त्यांच्या हातची होती. सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. मी मावशी म्हणायचो, कारण त्यांची एकुलती मुलगी आणि मी एकाच ओट्यावर वाढलो होतो.

त्या मुलीनं त्याच वर्षाच्या सुरुवातीला लग्न केलं होतं. मुलगा लूम दुरुस्त करणारा जॉबर, दिघाशीच्या वाटेवरच्या एका खेड्यातला, आमच्याच शेतकरी समाजातला. खेड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तीच माझी सासुरवाडी झाली. लग्न कळलं त्या दिवशी मावशी दारात उभ्या राहून मुलीला म्हणाल्या होत्या, "गेलीस तर परत ह्या दारात पाय ठेवू नकोस." मुलगी गेली. तिकडे गावकीनंही ख्रिस्ती सून आणली म्हणून त्या घराला वाळीत टाकलं. त्या घरी कोणी जायचं नाही, त्यांच्याकडचं पाणी प्यायचं नाही, लग्नकार्याला बोलवायचं नाही. ती पोर अशी दोन्हीकडून तुटली होती.

मावशींचा नाताळ म्हणजे सगळ्या चाळीचं काम असायचं. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांची चांदणी आमच्या दोन्ही दारांच्या मध्ये टांगली जायची. पितळी ताटात माती घालून नाचणी पेरायच्या, ती वीतभर हिरवी झाली की तिच्यात येशूबाळाचा गोठा मांडायचा. मग कलकल. मैद्यात नारळाचं दूध घालून मळायचं, बोराएवढी गोळी करायची, केसांना कधीच न लागलेल्या नव्या कंगव्यावर ती दाबायची आणि तशीच गुंडाळत आणायची. तळली की शिंपल्यासारखी दिसते. माझ्या आईला ते फार जमायचं. "ह्ये आमच्या शंकरपाळ्याचं भावंड हाय," असं ती दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी मावशी हसायच्या.

शेवटी पुडकी. चाळीतल्या प्रत्येक घराला एक पुडकं. आत काही मोठं नसायचं. साबणाची वडी, रुमाल, पोरांना पेन्सिल, आणि सोबत कलकल. पण बांधण्याचा थाट असा, की पुडकं हातात आलं की लोक आधी निरखून बघत. साधा खाकी कागद घ्यायचा. जून भेंडी आडवी कापली की आत पाच कोपऱ्यांची चांदणी असते. ती एकदा आळत्यात, एकदा निळीत बुडवून कागदभर ठसे उठवायचे. वरून बांधायला मी कारखान्यातून आणलेल्या रंगीत सुताच्या वेण्या. ह्या खाकी कागदांत एकच वेगळा कागद होता. मावशींच्या जहाजावर काम करणाऱ्या भावानं कधीतरी आणलेला, लालभडक, चकचकीत, त्यावर हिरवी पानं. तो मुलीच्या पुडक्याला. ती पाच वर्षांची असल्यापासून दर वर्षी तोच.

दर वर्षी तोच, कारण मावशींच्या घरचा नियम होता. पुडकं फाडायचं नाही. गाठ सोडून कागद हळूच उलगडायचा, तांब्यात निखारे घालून तो त्यावरून इस्त्रीसारखा फिरवायचा, आणि तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या सहा तारखेच्या आत, घडी करून परत द्यायचा. रिकामा नाही. आत काहीतरी घालून. कोणी तीळ घालायचं, कोणी दोन सुपाऱ्या.

समोरच्या खोलीत उत्तरेकडचे एक विणकर चाचा होते. त्यांना हे काही केल्या पटायचं नाही. "नर्सबाई, कागज भी वापस? फिर तो गिफ्ट आधाही हुआ ना!"

"चाचा, कागद परत आला की मला कळतं, पुडकं पोचलं."

"सामनेवाली खोली है मेरी! चार कदम पे भी नहीं पहुँचेगा क्या?"

"तुमचा काय भरवसा? वाटेत खाऊन टाकाल."

चाळ हसायची. चाचाही कागद आणून द्यायचे, आत बडीशेप घालून.

मुलगी गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला मावशींनी मला खोलीत बोलावलं. लाल कागद पुढ्यात पसरलेला होता. "तुझ्या हाताला घडीची सवय आहे, तूच बांध," म्हणाल्या. आत एक ब्लाउजपीस, कलकलचा लहान डबा आणि चार घड्या केलेली चिठ्ठी. मी कोपरे दुमडून पुडकं बांधलं. मग त्या म्हणाल्या, "तू शुक्रवारी तिकडे जाणार आहेस ना, मुलगी बघायला? एवढं तिला देशील?"

शुक्रवारी लूम बंद असायचे, आणि खरंच त्या खेड्यात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार होतो?

घरी आईनं पुडकं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "त्या घरात पाय ठेवलास तं लगीन मोडंल. तुझा व्हनारा सासराच पंचांत हाय, ठावं हाय ना तुला?"

"नुसतं द्यायचंय, आई. दारातून."

"दारातून का असंना. गावाला दिसनार न्हाय का?"

एसटीतून फाट्यावर उतरलो आणि चालत निघालो. भात झोडून झालं होतं, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. गावाच्या तोंडाशीच होणाऱ्या बायकोचे चुलते बसलेले.

"या पाव्हणं! कोनाकडं?"

"तुमच्याकडंच."

"आन् बगलेत काय लाल लाल? आतापासून बायकोला नटवाया लागलाव की काय?"

बरोबरचे दोघेतिघे खो खो हसले. मीही हसलो. "शेठचं काम हाय," म्हणालो. "फुडं द्यायचं हाय एकाला."

चहा घेतला, पोरगी पाहिली, पोहे खाल्ले. निघताना वाट गावाच्या कडेनं जात होती. शेवटचं एकटं घर तिचं. अंगणात ती सूप घेऊन पाखडत बसली होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं, कपाळावर आडवा हात धरला आणि उठून उभी राहिली. तिला उठायला थोडा वेळ लागला, हे मला लांबूनही दिसलं. पोट वर आलं होतं. चुलते माझ्या मागे पन्नास पावलांवर उभे होते, मला वाटेला लावायला आलेले. मी मान खाली घातली आणि फाट्याकडे चालू लागलो. मागे वळून पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा मावशी दारातच होत्या.

"दिलंस?"

"दिलं."

"कशी आहे?"

"बरी आहे."

"काही म्हणाली?"

इथं मी गप्प राहिलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. पण त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. "डोळ्यांत पाणी आलं तिच्या," मी म्हणालो. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी त्या गोठ्यापुढं कितीतरी वेळ गात बसल्या होत्या.  

आता कागद परत करायचा होता. त्यासाठी पुडकं मला उघडावं लागलं. कलकल खात्यातल्या लोकांना वाटून टाकले. ब्लाउजपीस ट्रंकेच्या तळाशी ठेवला. चिठ्ठी वाचायची नाही असं ठरवलं होतं, तरी वाचली. तुझ्या गावची एक बाई दवाखान्यात आली होती, तिच्याकडून कळलं तुला दिवस आहेत. मी रागात बोलले ते विसर. पहिलं बाळंतपण माझ्याकडेच व्हायला हवं. ये. खाली 'आई'. मी ती चुलीत घातली. कोणाच्या हाती लागली तर काय, एवढाच विचार डोक्यात होता.

मग तांब्यात निखारे घालून लाल कागद सरळ केला, घडी घातली आणि आत मूठभर नवे तांदूळ घातले. आमच्याच डब्यातले. मावशींनी ते तांदूळ ओंजळीत घेऊन हुंगले. "तिच्या शेतातले," म्हणाल्या. त्यांची खीर केली आणि पहिली वाटी मला आणून दिली. मी ती त्यांच्यासमोर खाल्ली.

चैत्रात त्यांना दवाखान्यातूनच कळलं की मुलीला मुलगा झाला, सासरच्या गावातच. सुईण होती, दोन दिवस हाल झाले, पण निभावलं. मावशींनी आमच्या घरी पेढे दिले. आई म्हणाली, "बरं झालं, सुटली पोर." मावशी म्हणाल्या, "कागद आला, ती नाही आली. आईवरचा राग आहे तिचा, दुसरं काय." मी तिथंच बसलो होतो. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. माझं लग्न वैशाखात ठरलं होतं, पत्रिका छापून आल्या होत्या. मी पेढा तोंडात टाकला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा लाल कागद. ह्या वेळी आत चिठ्ठी नव्हती. एक झबलं होतं, जुन्या मऊ धोतराचं, गळ्याला बारीक निळ्या टाक्यांच्या चांदण्या. मावशींनी दुपारच्या ड्युटीनंतर खिडकीत बसून ते शिवलेलं मी रोज पाहत होतो. "माझ्याकडे नाही यायचं तिला, तर नको येऊ देत," त्या म्हणाल्या, "पण पोराच्या अंगाला माझं काहीतरी लागू दे." मी ते घेऊन सासुरवाडीला गेलो, सासऱ्यांच्या पंगतीला बसलो, आणि पिशवीतून तसंच परत आणलं. झबलं ट्रंकेत ठेवलं. कागद सरळ करून, तांदूळ घालून मावशींना दिला.

ह्या वेळी त्यांनी तांदूळ हुंगले नाहीत. कागद पुष्कळ वेळ हातात धरून ठेवला.

आमच्या खात्यात ताक्याची घडी घालायची एक पद्धत होती. तीनपदरी घडी, आणि कापडाचं शेवटचं टोक दोन बोटं बाहेर सोडायचं, शेठचा शिक्का मारायला. दिवसाला शेकडो ताके हाताखालून जायचे. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. मावशींच्या घरात मात्र कागदाची घडी चौकोनी व्हायची, रंगीत बाजू आत, उजेडानं रंग उडू नये म्हणून. त्यांनीच ती मुलीला शिकवली होती. मी दोन्ही वर्षं लाल कागदाचं टोक दोन बोटं बाहेर सोडून आणलं होतं. पहिल्या वर्षी त्यांना ते दिसलं नसेल, किंवा दिसूनही त्यांनी बघायचं नाकारलं असेल. मला मात्र ही चूक त्यांचा चेहरा पाहूनच कळली.

"छान घातलीस घडी," एवढंच त्या म्हणाल्या. 'घातलीस' म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्या रजा काढून एकट्याच एसटीनं गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी ओट्यावरच होतो.  त्या माझ्यासमोर थांबल्या. साडीवर लहान मुलाच्या लाळेचा ओला डाग होता.

"रांगतो," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटाला चावला. दोन दात आलेत." मग तो डाग बोटानं पुसत, "ती म्हणाली, आई, तू दोन वर्षं आठवण काढली नाहीस."

"मावशी, मी..."

"तुझी बायको उलट्या करतेय सकाळपासून. आल्याचा रस दे तिला." आणि त्या आत गेल्या.

माझ्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "नर्सबाईंच्या हाताखाली व्हवू द्या, त्यांचा हात चांगला हाय." ज्या गावानं नर्सबाईंच्या मुलीच्या हातचं पाणी नाकारलं, त्याच गावच्या लेकी बाळंतपणाला नर्सबाईंकडे यायच्या, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

सातव्या महिन्यात बायकोनं ट्रंक आवरताना झबलं काढलं. "अगोबाई, इतक्या आधी आणून ठेवलंत? आधी आणू नये म्हणतात." लाजून हसली. मग कापड चोळून बघितलं. "जुन्याचंय, मग चालंल." मी काय सांगणार होतो? हो म्हणालो. ब्लाउजपीसही तिला आवडला.

श्रावणातल्या दुपारी ती प्रसूतिगृहात होती आणि मी बाहेरच्या बाकड्यावर. आतून मावशींचा आवाज येत होता. "जोर कर बये, अजून थोडा. घाबरतेस कशाला? मी आहे ना." मी तो आवाज ऐकत होतो आणि माझ्या मनात दुसऱ्या एका घरातले दोन दिवस येत होते, जिथं हा आवाज नव्हता. मग रडणं ऐकू आलं. मुलगी.

थोड्या वेळानं मला आत बोलावलं. मावशी बाळाला पुसत होत्या. बायकोनं उशाच्या पिशवीकडे बोट केलं. "त्यात झबलं हाय मावशी, ह्यांनी आणलेलं."

मावशींनी पिशवीत हात घातला. झबलं बाहेर आलं. निळ्या चांदण्या. त्यांनी ते दोन्ही हातांत उलगडून धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर मी तिथंच पायांवर पडलो असतो. त्या रागावल्या नाहीत. दमल्यासारख्या दिसल्या. मग खाली वाकल्या, माझ्या मुलीचा एक हात हळूच बाहीत घातला, मग दुसरा, आणि पाठीमागची नाडी बांधली.

"जरा मोठं आहे. वाढेल त्यात," त्या म्हणाल्या, आणि बाळ माझ्या हातात दिलं. "मान धर. अशी. सांभाळून."

त्या वर्षीच्या नाताळला त्यांची मुलगी नवऱ्याला आणि पोराला घेऊन चाळीत आली. पोरानं ताटातली नाचणी उपटली, चाचांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या चाळीनं कलकल खाल्ले. तिनं मला बघून विचारलं, "काय रे, ओळख विसरलास?" त्या दिवशी तिनं मला अंगणातून ओळखलं होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही. आमच्या घरचं पुडकं नेहमीसारखं आलं. भेंडीच्या चांदण्या, सुताची वेणी. मी कागद परत दिला. मावशी नेहमीसारख्या हसल्या. हे असं सात वर्षं चाललं, आणि प्रत्येक वर्षी मी ठरवायचो, ह्या वेळी सांगायचं.

नोकरी संपल्यावर त्या वसईकडे भावाच्या घरी गेल्या. मी एकदाच गेलो, मुद्दाम नाताळच्या आठवड्यात. एसटीत सगळा रस्ताभर एकच वाक्य घोकत होतो. त्या खाटेवर बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यांची मुलगी मला खुर्ची देऊन स्वयंपाकघरात गेली, पाहुणे जेवायला उठले, आणि थोडा वेळ आम्ही दोघंच उरलो.

"मुलगी कितवीत?" त्यांनी विचारलं.

"दुसरीत."

"हुशार आहे?"

"आहे."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि वाट बघितली. मला अजून वाटतं, त्या वाटच बघत होत्या. मी म्हणालो, "मावशी, पाणी आणू का?"

"आण," त्या म्हणाल्या.

मी पाणी आणलं. त्यांनी दोन घोट घेतले. मग लोक परत आले आणि मी निघालो. पुढच्या नाताळच्या आधीच त्या गेल्या. एसटीत घोकलेलं वाक्य फार लांब नव्हतं: मावशी, तुमची लेक तुमच्यावर कधी रागावली नव्हती, तुमची चिठ्ठी मी जाळली, मी तिच्या दारापर्यंत गेलोच नाही, मला माफ करा.